रेडिएटर नसलेली मोटार : बीटलचं इंजिन ऑइल घरी बदलताना



वर्गात उष्णतेचा पाठ चालू होता. मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी का घालतात, हे मी मुलांना सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पाणी नसेल तर गाडी चालणारच नाही का?" मी पटकन "नाही" म्हणणार होते, पण थांबले. कारण आमच्या काकांच्या दारात एक जुनी फोक्सवॅगन बीटल उभी असते आणि तिच्या इंजिनाला पाण्याचा एक थेंबही लागत नाही. तिच्यात रेडिएटरच नाही.

मग ती थंड कशी राहते? हवेने आणि तेलाने. म्हणूनच या गाडीत तेल वेळेवर बदलणं हे फार महत्त्वाचं काम आहे. काकांबरोबर मी ते दोन-तीनदा केलं आहे आणि एकदा चांगली चूकही केली आहे. ती चूक पुढे सांगतेच. आज आपण दोन गोष्टी समजून घेऊ या : हवेने थंड होणारं इंजिन कसं असतं आणि त्याचं तेल घरी कसं बदलायचं.

आधी गाडीची ओळख

बीटलची रचना 1930 च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी जर्मनीत केली. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1945 च्या अखेरीस, वोल्फ्सबर्गच्या कारखान्यात तिचं नियमित उत्पादन सुरू झालं. 17 फेब्रुवारी 1972 रोजी बीटलने फोर्डच्या मॉडेल टी या गाडीचा उत्पादनाचा विक्रम मोडला. तेव्हा आकडा होता 1,50,07,034. शेवटची जुन्या घाटाची बीटल 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे तयार झाली. तोपर्यंत एकूण 2,15,29,464 गाड्या बनल्या होत्या. (हे आकडे मुलांना अक्षरी वाचायला द्या, छान सराव होतो.)

बीटलचं इंजिन पुढे नसतं, मागे असतं. त्यात चार सिलिंडर असतात. दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. समोरासमोर बसून दोन मुष्टियोद्धे ठोसे मारतात तसे पिस्टन आत-बाहेर होतात, म्हणून अशा इंजिनाला बॉक्सर इंजिन म्हणतात.

जर्मनीतली थंडी कडक. तिथे रात्री दारात उभ्या केलेल्या गाडीतलं पाणी गोठू शकतं. पाणी गोठलं की प्रसरण पावतं आणि इंजिन फुटू शकतं. हवा मात्र गोठत नाही आणि उकळतही नाही. पाण्याचा पंप नाही, नळ्या नाहीत, गळती नाही. सामान्य माणसाच्या स्वस्त गाडीसाठी हा साधा उपाय होता.

हवेने थंड होणं म्हणजे काय?

गरम चहा आपण बशीत का ओततो? बशीत चहा पसरतो, त्याचा जास्त भाग हवेला लागतो आणि तो लवकर निवतो. बीटलच्या सिलिंडरभोवती हेच तत्त्व वापरलं आहे. सिलिंडरच्या बाहेरून ओतीव लोखंडाच्या पातळ चकत्यांसारख्या कडा काढलेल्या असतात. त्यांना फिन्स म्हणतात. फिन्समुळे पृष्ठफळ वाढतं आणि उष्णता हवेत लवकर जाते. आपल्याकडच्या जुन्या बुलेटच्या इंजिनावर या फिन्स तुम्ही पाहिल्याच असतील.

पण बुलेटचं इंजिन उघड्यावर असतं, समोरून वारा लागतो. बीटलचं इंजिन मागे झाकणाखाली. तिथे वारा कुठून येणार? म्हणून इंजिनावर एक पंखा बसवला आहे. तो पत्र्याच्या मोठ्या कवचात असतो आणि हवा जोराने सिलिंडरवर ढकलतो. आपली जुनी चेतक स्कूटर आठवा. तिच्या इंजिनावरही पत्र्याचं आवरण आणि आत पंखा असायचा. तत्त्व एकच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बीटलचा पंखा आणि डायनामो एकाच दांड्यावर फिरतात आणि दोघांना मिळून एकच पट्टा आहे. चालत्या गाडीत डायनामोचा दिवा लागला, तर "बॅटरी चार्ज होत नसेल, घरी जाऊन बघू" असं म्हणायचं नाही. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो. गाडी ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

तेल नुसतं वंगण नव्हे

तेलाचं पहिलं काम आपल्याला माहीत आहे : घर्षण कमी करणं. पण ते आणखी तीन कामं करतं. इंजिनातली उष्णता वाहून नेतं, काजळी आणि बारीक कण स्वतःमध्ये धरून ठेवतं आणि आतल्या भागांना गंजू देत नाही.

पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत उष्णतेचा बराच भार पाणी उचलतं. इथे पाणीच नाही, त्यामुळे तेलावर जास्त भार येतो. बीटलमध्ये तेल थंड करण्यासाठी वेगळा ऑइल कूलर असतो आणि तो पंख्याच्या हवेच्या वाटेतच बसवलेला असतो. पंप चेंबरमधून तेल ओढतो, ते कूलरमधून जातं आणि मग बेअरिंगपर्यंत पोहोचतं. सकाळी तेल थंड आणि घट्ट असतं, तेव्हा एक झडप त्याला कूलर टाळून थेट पुढे सोडते.

जुन्या इंजिनात हा कूलर पंख्याच्या कवचाच्या आतच उभा असायचा. त्याच्यामागे तीन नंबरचा सिलिंडर येतो. कूलर हवा अडवायचा, त्यामुळे हा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त तापायचा. 1971 च्या सुमारास कंपनीने कूलर बाजूला सरकवला आणि त्याला हवेची वेगळी वाट करून दिली.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा : या इंजिनात तेल फक्त अडीच लिटर मावतं. आणि आजच्या गाड्यांसारखा कागदी ऑइल फिल्टर मूळ इंजिनात नाहीच! आहे ती फक्त तारेची जाळी. चहाची गाळणी पत्ती अडवते, पण चहाचा रंग अडवत नाही ना? तसंच. मोठे तुकडे जाळीत अडकतात, बारीक घाण तेलातच फिरत राहते. ती बाहेर काढायचा मार्ग एकच, तेल बदलणं.

किती दिवसांनी बदलायचं?

जुन्या माहितीपुस्तिकेत दर 5,000 किलोमीटरला तेल बदलायला आणि जाळी धुवायला सांगितलं आहे. पण आज अशा गाड्या रोज कुठे चालतात? रविवारी एखादी फेरी, लग्नाची वरात, एखादं प्रदर्शन. वर्षात हजार किलोमीटरही होत नाहीत. मग पाच वर्षं थांबायचं का? नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी थोडीच चालली तर इंजिन पुरतं तापत नाही, ती वाफ उडून जात नाही आणि तेलात पाणी व आम्ल साठतं. म्हणून गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा तेल बदलावंच.

तेल कोणतं? जुन्या पुस्तिकेत उष्ण हवेसाठी एसएई 30 दिलेलं असे. आज बरेच मालक 20डब्ल्यू-50 वापरतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याला ते मानवतं. आजच्या नव्या गाड्यांचं अगदी पातळ तेल, म्हणजे 0डब्ल्यू-20 वगैरे, यात घालू नये.

साहित्य

- इंजिन ऑइल, अडीच लिटर (एक-एक लिटरचे तीन डबे घेतले तर अर्धा लिटर वरून भरायला उरतो)
- जाळीच्या पॅकिंगचा संच : दोन कागदी गॅस्केट, नटांचे सहा तांब्याचे वायसर आणि ड्रेन प्लगचा एक
- 10 मिमीचा पाना आणि ड्रेन प्लगच्या मापाचा पाना
- पसरट टब किंवा जुनं घमेलं, किमान चार लिटर मावेल असं
- नरसाळं, चिंध्या, जुना ब्रश, थोडं रॉकेल किंवा डिझेल
- हातमोजे आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे

जाळी धुवायला पेट्रोल वापरू नका. पेट्रोलची वाफ लगेच पेट घेते. जवळपास शेगडी, उदबत्ती, विडी-सिगारेट काही नको.

कृती

1. गाडी दहा मिनिटं चालवून आणा. कोमट तेल पातळ होतं आणि घाण बरोबर घेऊन बाहेर येतं. इंजिन बंद खोलीत चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. परत आल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा. आजूबाजूच्या सायलेन्सरच्या नळ्यांचा चटका वाईट बसतो.

2. गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा. बीटल जमिनीपासून बरीच उंच असते, त्यामुळे बहुतेक वेळा जॅक न लावताही हात पोहोचतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

3. इंजिनाच्या पोटाखाली मधोमध एक गोल झाकण दिसेल. त्याच्या कडेने सहा छोटे नट आणि मध्ये एक मोठा बोल्ट. मधला बोल्ट म्हणजे ड्रेन प्लग. पुढच्या बाजूला गिअरबॉक्सचे प्लग असतात, पण त्यांना आतून षटकोनी खाच असते. ते खोलू नका, नाहीतर गिअरचं तेल निघून जाईल आणि कळणारही नाही! काही नंतरच्या गाड्यांत झाकणाला मधला प्लग नसतो. तिथे सहा नट थोडे-थोडे सैल करून तेल हळूहळू सोडावं लागतं.

4. वरचं तेल भरायचं झाकण काढा, म्हणजे हवा आत येईल आणि तेल मोकळं वाहील. खाली टब ठेवा. प्लग पान्याने सैल करा आणि शेवटचे आटे हाताने फिरवा. तेलाची धार सरळ खाली पडत नाही, थोडी पुढे उडते. टब त्या अंदाजाने ठेवा.

5. धार थांबून थेंब पडू लागले की सहा नट काढा. झाकण आणि त्यावरची जाळी खाली येईल. अजून थोडं तेल पडेल, दचकू नका.

6. जाळी आणि झाकण रॉकेलमध्ये ब्रशने धुवा आणि पूर्ण कोरडं करा. जाळी फाटलेली असेल तर नवी घ्या. इंजिनाला आणि झाकणाला चिकटलेला जुन्या गॅस्केटचा कागद लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर मऊ धातूवर ओरखडे पडतात आणि तिथूनच तेल झिरपतं.

7. आता जोडणी. क्रम पाठ करा : कागद, जाळी, कागद, झाकण. वरून एक नळी जाळीच्या भोकात बसते, ती नीट बसली पाहिजे. प्रत्येक नटाखाली नवा तांब्याचा वायसर घाला.

8. सहाही नट आधी हाताने लावा. मग एक इकडचा, एक समोरचा, अशा फुलीच्या क्रमाने थोडे-थोडे आवळा. या नटांना लागणारा जोर फक्त 7 न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. टॉर्क पाना नसेल तर लहान पाना डोक्याजवळ धरा आणि मनगटाच्याच जोराने आवळा. दंडाचा जोर अजिबात नको. मग ड्रेन प्लग नव्या वायसरसह लावा.

9. नरसाळ्याने आधी दोन लिटर तेल घाला. पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पाहा आणि वरच्या रेषेपर्यंत थोडं-थोडं भरा. जास्त तेल घालणं चांगलं नसतं. त्याचा फेस होतो आणि ते बाहेर गळायला लागतं.

10. इंजिन चालू करा, पण रेस देऊ नका. तेलाच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर दोन मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून खाली वाकून झाकण कोरडं आहे का ते पाहा. थोड्या वेळाने डिपस्टिक पुन्हा एकदा तपासा.

माझी चूक

मागे एकदा सगळं झाल्यावर झाकणाच्या कडेला तेलाचा एक थेंब दिसला. काका चहा घ्यायला आत गेले होते. मला वाटलं, नट थोडा सैल असेल, आवळू या. आवळला. थेंब होताच. अजून आवळला. आणि एकदम पाना हलका झाला, नट नुसताच गोल फिरायला लागला. नट बसतो तो स्टड इंजिनातून आटे घेऊनच निघाला होता.

बीटलच्या इंजिनाचं मुख्य कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. हलकं, पण मऊ. लोखंडी स्टड जिंकतो आणि कवचाचे आटे हरतात. पुढे मिस्त्रींनी तिथे मोठे आटे पाडून, एका बाजूने जाड असलेला स्टड बसवला. तोवर गाडी तीन आठवडे जागेवर उभी होती. काका रागावले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. ते जास्त लागलं.

खरं कारण काय होतं? झाकण वाकलेलं होतं. आधी कुणीतरी जास्त आवळल्यामुळे भोकांच्या भोवती ते वर उचललं गेलं होतं. आवळावं तितकं ते आणखी वाकतं आणि आणखी गळतं. त्यावर उपाय म्हणजे झाकण काढून सपाट जागी ठेवायचं, हलक्या हातोडीने सरळ करायचं आणि नवे गॅस्केट घालायचे. तेव्हा थेंब दिसला तर आधी कारण शोधा, मग पाना उचला. वर्गातही असंच होतं ना? मुलाला गणित येत नाही म्हणून आपण आणखी दहा गणितं देतो. अडलंय कुठे, ते आधी बघायला हवं.

काढलेलं तेल काय सांगतं?

जुनं तेल लगेच बाजूला सारू नका. डॉक्टर जसे रक्त तपासतात तसं ते तपासा.

- काळं झालेलं तेल : घाबरू नका. ते घाण धरून ठेवण्याचं काम करत होतं.
- दुधाळ किंवा फेसाळ साय : तेलात पाणी आहे. बहुधा गाडी फार थोडी चालते.
- पेट्रोलचा वास आणि डिपस्टिकवर आपोआप वाढलेली पातळी : पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असू शकतो. असं तेल पातळ होतं आणि इंजिन खराब करतं. दुरुस्तीशिवाय गाडी चालवू नका.
- जाळीत चमकणारे कण : लोहचुंबक लावून बघा. चिकटले तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटले तर बेअरिंगचा मऊ धातू असू शकतो. तुकडे डोळ्यांना स्पष्ट दिसत असतील तर जाणकार मिस्त्रींना दाखवा.

जुन्या तेलाचं काय करायचं?

खरं सांगायचं तर इथेच बहुतेक जण चुकतात. गटारात ओतणं, अंगणात धूळ बसावी म्हणून शिंपडणं, कुंपणाच्या खांबांना फासणं हे सगळं आपण पाहिलेलं आहे. पण वापरलेल्या तेलात धातूंचे कण आणि जळलेल्या इंधनाचे विषारी पदार्थ असतात. ते मातीतून विहिरीपर्यंत जातं. त्वचेलाही वारंवार लागणं वाईट, म्हणून हातमोजे.

भारतात 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे गेलं पाहिजे. घरी दोन-अडीच लिटर निघालं तर काय? ते नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यांत भरा, वर "जुने तेल" असं लिहा आणि जिथे असं तेल गोळा करून पुढे पाठवतात अशा गॅरेजमध्ये नेऊन द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका, घरात लहान मुलं असतात. जर्मनीत इंजिन ऑइल विकणाऱ्या दुकानदाराला तितकंच जुनं तेल परत घ्यावं लागतं. चांगली पद्धत आहे.

शेवटी

हे सगळं काम सवडीने दोन तासांचं आहे. शेवटी डायरीत तारीख, किलोमीटर आणि तेलाचा प्रकार लिहून ठेवा. काकांकडे अशी एक जुनी वही आहे. तिच्यात त्यांचं अक्षर आहे आणि शेवटच्या दोन नोंदी माझ्या हातच्या आहेत. पाना परत माझ्या हातात दिला, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "मनगटाने."

आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं : चालते. पाण्याशिवाय चालते. पण तेलाशिवाय नाही चालत.

स्वाध्याय

1. एकाच पेल्यातला गरम चहा अर्धा पेल्यात आणि अर्धा बशीत ठेवा. दर मिनिटाला तापमान नोंदवा. कोणता आधी निवतो आणि का?
2. एका गाडीने वर्षात 1,800 किलोमीटर प्रवास केला. दर 5,000 किलोमीटरला किंवा दर वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलायचं आहे. पाच वर्षांत किती लिटर तेल लागेल?
3. तुमच्या गावातल्या गॅरेजमध्ये जाऊन विचारा : वापरलेलं तेल कुठे जातं? उत्तर वहीत लिहून आणा.